पिल्लं आईजवळ ठेवूनच वरचं दूध

सोसायटीच्या जिन्याखाली, गॅरेजच्या कोपऱ्यात, गावाकडे लाकडांच्या ढिगात नाहीतर माळ्यावर मांजर व्यायली की आजूबाजूची माणसं मदतीला धावतात. कुणी बशीत दूध आणून ठेवतं, कुणी कापसाचा बोळा भिजवून पिल्लाच्या तोंडात पिळतं, कुणी सगळी पिल्लं खोक्यात घालून घरी नेतं. यामागे दयाच असते आणि ती मला मोलाची वाटते. पण जन्मताना जेमतेम शंभर ग्रॅम वजन असलेल्या या जिवाला चूक सोसत नाही. पिल्लाला वाचवायचं असेल तर बहुतेक वेळा त्याला आईपासून तोडायचं नसतं. आईला सांभाळायचं, पिल्लाला उबेत ठेवायचं आणि कमी पडेल तेवढंच वरचं दूध द्यायचं. आपल्याकडच्या बऱ्याच समजुती नेमक्या याच्या उलट सांगतात.

‘पिल्लं एकटी दिसली, म्हणजे आईने टाकली’

व्यायलेल्या भाटीला खाणं शोधायला बाहेर जावंच लागतं, आणि ती दोन-तीन तास दिसली नाही तरी त्यात वावगं काही नाही. पिल्लं एकमेकांवर रचून झोपलेली, अंगाने उबदार, पोटं गोल आणि कातडी स्वच्छ असतील तर आई नुकतीच पाजून गेली आहे असं समजावं. पोटं खपाटीला गेलेली, अंग मळलेलं आणि गार, ओरडणं सतत, असं असेल तर मात्र काळजी करावी. खात्री करायची असेल तर जागेभोवती गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढून दूर व्हावं. आई येऊन गेली तर पावलं उमटलेली दिसतात. माणूस जवळ उभा असेपर्यंत बुजरी मांजर फिरकत नाही, म्हणून वाट पाहायची ती लांबूनच.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते आणि मगच त्यांचे डोळे उघडतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती पिल्लं हलवते हे खरं आहे. वर्दळ वाढली, कुत्रा वा बोका घिरट्या घालू लागला, जागा ओली झाली किंवा पिसवा झाल्या की ती दुसरा आडोसा शोधते. घरांचा मात्र हिशेब नसतो. डोळे वयानुसारच उघडतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, मग पिल्लू जन्मल्या जागीच राहिलेलं असो वा चार जागा फिरलेलं. मिटलेले डोळे बोटाने उघडायला जाऊ नये. पापण्या मिटलेल्या असतानाच फुगल्या किंवा त्यांतून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

या स्थलांतरातच एक मोठी गफलत होते. मांजर एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते. दोन नेऊन झाली आणि दोन मागे राहिली, एवढ्यात कुणीतरी ती ‘टाकलेली’ पिल्लं उचलतं. आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. रस्त्यावर तुडवली जाण्याचा धोका नसेल, तर अशा पिल्लांना काही तास तिथेच राहू द्यावं.

‘माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही’ ही भीतीही खरी नाही. ओळखीच्या माणसाने पिल्लू उचलून तोललं आणि परत ठेवलं तर माणसांना सरावलेली मांजर ते चाटून पुन्हा पोटाशी घेते. पुढे तर माणसाचा स्पर्श लागतोच. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर केलेल्या कामातून दिसलं, की दोन ते सात आठवड्यांच्या वयात हाताळलेली पिल्लं माणसाला सहज सरावतात. मात्र दहा जणांनी पिल्लू हातोहात फिरवणं म्हणजे तो स्पर्श नव्हे. तशाने आई घाबरते आणि जागा बदलते.

‘ओरडतंय, म्हणजे भूक लागली, आधी दूध द्या’

आधी ऊब द्यायची, मग दूध. मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

मोठ्या मांजरीच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं असतं ३५ ते ३७. त्याला कुडकुडताही येत नाही, कारण थंडीत अंग थरथरवून ऊब तयार करण्याची क्षमता त्या वयात आलेलीच नसते. ऊब सगळी आईच्या पोटाची आणि भावंडांच्या ढिगाची. ‘मुंबईत कसली थंडी’ असं आपल्याला वाटतं, पण पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवतीची हवा ३० अंशांच्या आसपास लागते. पावसाळ्यातली ओलसर फरशी, पंख्याखालची टाइल, एसीची खोली, यांपैकी काहीही ढिगातून बाहेर पडलेल्या पिल्लाला गार करायला पुरतं.

अंग गार पडलं की आतडी हलायची थांबतात. अशा पिल्लाला पाजलेलं दूध पचत नाही. ते पोटात पडून राहतं, उलटून वर येतं आणि फुप्फुसात जातं. म्हणून पिल्लाच्या तोंडात करंगळी घालून पाहावी. तोंड आतून गार लागलं किंवा पिल्लू चोखत नसेल तर दूध बाजूला ठेवावं. पिल्लाला आपल्या छातीशी, कपड्याच्या आत धरावं किंवा जाड फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावं. ही ऊब तासा-दोन तासांत हळूहळू चढू द्यायची. उघडी गरम पिशवी, हेअर ड्रायरचा झोत, कडक ऊन यांनी कातडी भाजते. खोक्याचा एक कोपरा बिनउबेचा ठेवावा, म्हणजे नकोसं झालं तर पिल्लाला सरकायला जागा मिळते. ऊब देतानाच ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब बोटाने हिरडीवर चोळला तर रक्तातली घसरलेली साखर थोडी सावरते. अंग उबदार झालं आणि पिल्लू तोंडाने शोधू लागलं, की मग दूध.

‘गाईचं दूध, त्यात थोडं पाणी घातलं की पचतं’

गाईच्या दुधात प्रथिनं साधारण ३.३ टक्के असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या दुप्पटीहून अधिक. पिल्लाला जन्मवजन दोनेक आठवड्यांत दुप्पट करायचं असतं, आणि ते याच दुधाच्या बळावर. मूळचं अपुरं दूध पातळ केलं की ते आणखी अपुरं होतं. पोट पाण्याने भरतं, पिल्लू झोपतं, आपल्याला वाटतं तृप्त झालं, आणि वजन मात्र उतरत जातं. शिवाय गाईच्या दुधात प्रथिनांच्या मानाने दुधातली साखर फार असते, त्यामुळे जुलाब होतात. एवढ्याशा जिवाला जुलाबांमुळे काही तासांत शोष पडतो. शेळीचं दूध पचायला बरं असेल, पण प्रथिनांची कमतरता त्यातही तीच. माणसाच्या बाळाची दूध पावडर तर याहून पातळ पडते.

मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेली दूध पावडर आता पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन मिळते. रॉयल कॅनिनचं बेबीकॅट मिल्क, बीफारचं लॅक्टॉल ही त्यांतली नावं. डब्यावर दिलेल्या प्रमाणातच ती कालवावी, दूध मनगटाच्या आत टाकून कोमट आहे ना ते पाहावं, आणि उरलेलं पुन्हा गरम करून देऊ नये.

एक गोष्ट मात्र कोणत्याच डब्यात नसते, ती म्हणजे आईचा चीक. मांजरीच्या पिल्लाला रोगांशी लढणारी द्रव्यं मुख्यतः चिकातून मिळतात, आणि ती रक्तात शोषून घेण्याची आतड्याची वाट जन्मानंतर सुमारे सोळा तासांत बंद होते. तेवढ्या वेळात प्रत्येक पिल्लू आईला लुचलं की नाही हे पाहणं, पुढच्या सगळ्या वरच्या दुधापेक्षा महत्त्वाचं आहे. लुचता येत नसेल तर त्याचं तोंड सडाला लावून द्यावं. चीक मिळालाच नाही तर डॉक्टर निरोगी, लसीकरण झालेल्या मांजराच्या रक्तातला द्रव टोचून काही प्रमाणात ती उणीव भरून काढतात, पण त्यासाठी त्यांच्याकडे वेळेत पोहोचावं लागतं.

‘बाळासारखं उताणं घेऊन पाजा’

उताण्या पिल्लाच्या घशातलं दूध श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. आईजवळ पिल्लू पोटावर पालथं, मान किंचित वर करून लुचतं. आपणही टॉवेलवर तसंच ठेवून पाजायचं. बोळा नकोच. किती दूध गेलं ते कळत नाही आणि कापसाचे तंतू पोटात जातात. लहान बाटली नाहीतर सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज वापरावी. बाटली उलटी धरली की थेंब सावकाश पडायला हवा, धार लागता कामा नये. सिरिंज असेल तर पिल्लू चोखेल त्या गतीनेच दांडा ढकलावा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबावं.

शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चारेक मिलिलिटर दूध मावतं, म्हणजे चहाचा छोटा चमचाही पुरता भरत नाही. ‘थोडं आणखी घे’ हा आपल्याकडचा आग्रह इथे जिवावर बेततो.

‘वरचं दूध सुरू केलं की आई पाजायचं सोडते’

या समजुतीपायी दोन उलटसुलट चुका होतात. काही जण लहानगं पिल्लू खंगत असतानाही हात लावत नाहीत, तर काही जण सगळ्याच पिल्लांना आईपासून काढून पूर्ण बाटलीवर आणतात.

मांजरीला सहसा आठ सड असतात. चार-पाच पिल्लांना ते पुरेसे वाटतात, पण सगळ्या सडांना सारखं दूध नसतं, आणि पहिल्या काही दिवसांतच बरीचशी पिल्लं आपापला सड ठरवून घेतात. दांडगी पिल्लं जागा पटकावतात, दुबळं बाजूला पडतं, गार होतं आणि मग लुचायची ताकदही उरत नाही. असं पिल्लू नुसत्या नजरेने लवकर ओळखू येत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा लागतो. एका वाडग्यात फडकं घालून रोज ठरावीक वेळी प्रत्येक पिल्लू तोलावं आणि वहीत लिहावं. एकसारखी दिसणारी असतील तर वेगवेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका मागच्या एका नखावर लावावा. दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढ व्हायला हवी. पहिला दिवस सोडला तर वजन एक दिवसही घटता कामा नये, आणि जे पिल्लू वाढत नाही त्यालाच वरचं दूध द्यायचं.

दूध किती तयार व्हायचं हे किती लुचलं जातं त्यावर ठरतं. म्हणून पिल्लाला आधी आईला लुचू द्यावं आणि नंतर वरचं पाजावं. आधीच पोट भरलेलं पिल्लू सडाला तोंड लावत नाही. आणखी एक उपाय माझ्या मते बाटलीच्याही आधी करून पाहावा. दांडग्या पिल्लांना पाव तास उबदार टोपलीत बाजूला ठेवायचं आणि दुबळ्याला आईजवळ एकट्याला सोडायचं. कित्येकदा एवढ्यानेच वजन चढू लागतं. आई पिल्लांना चाटून त्यांची शी-शू करवते, ऊब देते, स्वच्छ ठेवते. ती जवळ असेल तर ही सगळी कामं तीच करते आणि आपल्याकडे फक्त चार मिलिलिटरचा हिशेब राहतो. ती नसेल तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजायचं आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसून शी-शू करवायची. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला ती आपली आपण करता येत नाही.

सगळीच पिल्लं उपाशी राहत असतील तर दोष आईच्या दुधात आहे. सड दाबून पाहावेत. एखादा गरम, कडक आणि दुखरा लागला तर तो सुजला आहे, आणि त्याला औषध हवं. मांजर ताठरून चालू लागली, थरथरू लागली किंवा धापा टाकू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलं असण्याची शक्यता असते. हा तातडीचा आजार आहे, रात्र काढून सकाळी नेऊ असं करू नये. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल लोकांना माहीत असतं, आपल्या गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे हेही आधीच पाहून ठेवावं. गाभणपणातच आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्याने हा आजार टळत नाही, उलट त्याचा धोका वाढतो.

‘आईला दूध-पोळी दिली की दूध वाढतं’

मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. दूध वाढतं ते मांसाहाराने आणि पाण्याने. पाजत्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना सर्वांत जास्त. मांजराच्या पिल्लांसाठीचं खाद्य तिला दिवसभर खाता येईल असं ठेवणं हा सर्वांत सोपा मार्ग. टॉरिन नावाचं द्रव्य मांजरीला आहारातून मिळावंच लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं, भात-पोळीत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये आणि हृदय दुबळं होतं हे १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. चिकन उकडून द्यायचं तर कांदा-लसूण न घालता, मांजरीच्या रक्तपेशी त्यांनी फुटतात.

बाळंतिणीची जागा फिनेलने वा डेटॉलने पुसू नये, त्यांतली द्रव्यं मांजरीच्या यकृताला निचरता येत नाहीत. ती आणि तिची पिल्लं ती चाटून पोटात घेतात. साबणाचं पाणी पुरे. तापासाठी माणसांची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एक गोळीही मांजरीला मारू शकते. पिसवा झाल्या तर बारीक फणीने काढाव्यात, कुत्र्याचं पिसवांचं औषध पिल्लांना लावू नये.

‘पाजतेय तोवर गाभण राहत नाही’

राहते. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर माजावर येऊ शकते, आणि नऊ आठवड्यांत पुढची खेप जन्मते. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या आईचं दूधच मग पिल्लांना पुरत नाही. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना मऊ कालवलेलं खाणं द्यायला लागावं आणि ती आठ आठवड्यांची होऊन अंगावरून सुटली की आईची नसबंदी करून घ्यावी. तोवर जमेल तितकं तिला घरातच ठेवावं. भटकी मांजर पुन्हा हाती लागेल याचा भरवसा नसेल, तर पिल्लं थोडं थोडं खाऊ लागल्यावर डॉक्टर ही शस्त्रक्रिया आधीही करतात. शस्त्रक्रियेने दूध आटेल ही भीती नको. दूध सुरू ठेवणारं संप्रेरक मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं, अंडाशयातून नाही, त्यामुळे भूल उतरून घरी आल्यावर मांजर पिल्लांना पुन्हा पाजू शकते.