भिजलेला फोन आणि तांदळाचा डबा

जून लागला की मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत भिजलेल्या फोनची रांग लागते. त्यातले बरेचसे फोन आधी एक-दोन दिवस तांदळाच्या डब्यात मुक्काम करून आलेले असतात. तेवढ्या वेळात आतल्या सर्किट बोर्डवर हिरवट-पांढरे डाग धरलेले असतात आणि सहज वाचला असता असा फोन हाताबाहेर गेलेला असतो. कारच्या रिमोट किल्ल्या, श्रवणयंत्रं, इअरबड्स, सेट-टॉप बॉक्सचे रिमोट यांचीही हीच गत होते. या नुकसानीला पाण्याइतकेच आपले गैरसमजही जबाबदार असतात.

गैरसमज : पाणी लागलं की इलेक्ट्रॉनिक भाग तिथल्या तिथे निकामी होतात.

वस्तुस्थिती : सर्किट बोर्ड बनवणाऱ्या अनेक कारखान्यांत सोल्डरिंगनंतर बोर्ड चक्क पाण्याने धुतले जातात. ते पाणी क्षार काढून टाकलेलं असतं आणि बोर्डमध्ये तेव्हा वीज नसते. पूर्ण शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. नळाच्या, विहिरीच्या किंवा रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून ती वाहते, कारण त्यात क्षार विरघळलेले असतात. समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण विमान अपघाताच्या तपासातलं आहे. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिक महासागरात कोसळलं. त्याचे दोन्ही ब्लॅक बॉक्स मे 2011 मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी, सुमारे 3,900 मीटर खोलीवरून वर काढले गेले. फ्रेंच तपास यंत्रणेने आतली मेमरी कार्डं साफ केली, वाळवली आणि वैमानिक कक्षातल्या शेवटच्या दोन तासांचं संभाषण परत मिळवलं. खाऱ्या पाण्यात इतका काळ राहूनही त्या चिप टिकल्या. याचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे तळाशी पडून असताना त्यांच्यातून वीज वाहत नव्हती.

गैरसमज : फोन पुसून लगेच चालू करून पाहावा, म्हणजे काय बिघडलंय ते कळतं.

वस्तुस्थिती : हीच सगळ्यांत महागात पडणारी घाई. आजच्या फोनमधले काही सुटे भाग जेमतेम 0.4 मिलिमीटर लांब आणि 0.2 मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा थेंब अडकला आणि वीज सुरू असली, की एका बाजूचा धातू विरघळतो, दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो आणि फांद्या फुटल्यासारखा वाढत जातो. या धातूच्या तंतूने दोन टोकं जोडली की शॉर्ट झालंच. फोन बंद केला तरी बॅटरी जोडलेली असते आणि बोर्डच्या काही भागांत व्होल्टेज राहतंच. म्हणून फोन ताबडतोब बंद करावा, चार्जर अजिबात लावू नये आणि बॅटरी लवकरात लवकर सोडवून घ्यावी. बहुतेक नव्या फोनच्या बाबतीत हे काम दुरुस्ती करणाऱ्याचंच. किल्ली किंवा श्रवणयंत्रातला बटण सेल मात्र घरीच, त्याच क्षणी काढता येतो.

गैरसमज : तांदूळ ओलावा ओढून घेतो.

वस्तुस्थिती : साठवणीच्या तांदळात साधारण 12 ते 14 टक्के ओलावा आधीच असतो आणि कोकणातल्या श्रावणात तो कमी होण्याची शक्यता नाही. शिवाय फोनमधलं पाणी धातूच्या आवरणांखाली आणि चिपच्या पोटाखाली बारीक फटींत धरून राहतं. बाहेर ठेवलेल्या दाण्यांचं तिथे काही चालत नाही. वर तांदळाची पूड चार्जिंगच्या खाचेत शिरते ती वेगळीच. ॲपल कंपनीनेही आपल्या सूचनांत फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. त्यापेक्षा उपकरण पंख्याच्या वाऱ्यात ठेवणं बरं.

सिलिका जेल ओलावा शोषण्यात तांदळापेक्षा कितीतरी सरस. श्रवणयंत्रात घामाने येणारा दमटपणा घालवायला रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवणं योग्यच आहे. पण पुराच्या पाण्यात बुडालेल्या वस्तूचं पाणी सिलिका जेलने गेलं, तरी क्षार आणि गाळ आतच राहतात. पुढे हवेतल्या दमटपणाने ते पुन्हा ओले होतात आणि गंज चढतच राहतो.

गैरसमज : हेअर ड्रायरने लवकर वाळतं.

वस्तुस्थिती : जोराच्या झोताने पाणी आणखी आत ढकललं जातं. उष्णतेने पडद्याचा आणि कडांचा गोंद सैल होतो, लिथियम-आयन बॅटरीला धोका पोचतो. कडक ऊन, तवा आणि ओव्हन यांच्या उष्णतेलाही हेच लागू आहे.

गैरसमज : आधीच भिजलेल्या बोर्डला पुन्हा ओलं करायचं नसतं.

वस्तुस्थिती : उलट, धुणं हाच खरा उपचार. जाणकार कारागीर बॅटरी, पडदा आणि कॅमेरा काढून बोर्डवरची आवरणं उचलतात. बोर्ड समुद्राच्या किंवा गढूळ पाण्यात पडला असेल, तर आधी क्षारमुक्त पाण्याने धुतात. मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानातल्या भाषेत आयपीए, आणि मऊ ब्रश घेऊन डाग काढतात. गरज पडल्यास अल्ट्रासॉनिक मशीन वापरतात. या अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो. त्यामुळे ते चिपखालच्या फटींत शिरतं, पाणी बाहेर काढतं आणि स्वतः चटकन उडून जातं. ते पेट घेणारं असल्याने जवळ आग किंवा हॉट एअर गन नको. हाताचं सॅनिटायझर इथे चालत नाही. त्यात पाणी असतं आणि बहुधा ग्लिसरीनसारखे चिकट पदार्थही. थिनर आणि पेट्रोल प्लॅस्टिक खातात.

गैरसमज : आयपी68 मानांकन असलेला फोन म्हणजे वॉटरप्रूफ.

वस्तुस्थिती : आयपी67 असलेलं उपकरण 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकायला हवं. आयपी68 ची खोली आणि वेळ कंपनीच ठरवते. चाचणी नव्या उपकरणाची, गोड्या पाण्यात होते. फोन पडला, जुना झाला, पडदा बदलला, की ती हमी ढिली पडते. समुद्र, साबण आणि नळाची जोरदार धार यांची परीक्षा त्यात नसते. अनेक कंपन्यांची वॉरंटी पाण्याने झालेलं नुकसान मान्यच करत नाही आणि आतली पांढरी खूणपट्टी पाणी लागताच लाल होऊन ते उघड करते.

गैरसमज : चालू झाला, म्हणजे वाचला.

वस्तुस्थिती : गंजाचं काम आठवडे-महिने सुरू राहू शकतं. आज नीट चालणाऱ्या फोनचा उद्या माइक जातो, परवा चार्जिंग. म्हणून भिजून सावरलेल्या फोनमधले फोटो, संपर्क आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत आणि मग बोर्ड उघडून साफ करून घ्यावा. बॅटरी फुगली, गरम होऊ लागली किंवा वेगळा वास आला, तर ती दाबू किंवा टोचू नये, चार्जही करू नये. असा फोन जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावी.