एक मतदारसंघ, तीन विधानसभा
उस्मानाबाद मतदारसंघाची जडणघडण आणि जनगणनेचे महत्त्व

निवडणुकीचा निकाल जाहीर झाला की कोण निवडून आले आणि किती मतांनी, याची चर्चा गावोगावी होते. मात्र ज्या क्षेत्रातून तो प्रतिनिधी निवडला गेला त्या क्षेत्राच्या सीमा कोणी, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने आखल्या, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः मतदारसंघ ही डोंगर किंवा नदीप्रमाणे निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. ती कायद्याने घडविलेली आणि लोकसंख्येच्या आकड्यांवर आधारलेली रचना होय. आकडे बदलले की ही रचनाही बदलते आणि तिच्याबरोबर एखाद्या जिल्ह्याचे विधिमंडळातील बळ कमी किंवा अधिक होते.

धाराशिव जिल्ह्यातील उस्मानाबाद विधानसभा मतदारसंघाचा १९५२ पासूनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. या नावाच्या मतदारसंघाने तीन निरनिराळ्या विधानसभांत आपले प्रतिनिधी पाठविले. त्याच्या सीमा बदलल्या, मतदानाची रीत बदलली, पुढे जिल्ह्याचे नावही बदलले. मतदार मात्र आपापल्या गावातच होता.

हैदराबाद ते मुंबई

निजामी राजवटीत प्रौढ मताधिकारावर आधारलेले विधिमंडळ नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतर चार वर्षांच्या आत, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मराठवाड्यातील सामान्य शेतकऱ्याने व शेतमजुराने प्रथमच राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या वेळी तेलुगू, मराठी व कन्नड अशा तीन भाषांच्या हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत उस्मानाबादचे प्रतिनिधित्व शेतकरी कामगार पक्षाचे नेते भाई उद्धवराव पाटील यांनी केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या कार्यकर्त्यांच्या पिढीचे ते प्रतिनिधी होत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. १९५७ ची निवडणूक या नव्या राज्याच्या ३९६ सदस्यांच्या विधानसभेसाठी झाली. ज्या सभागृहात सौराष्ट्र, कच्छ आणि विदर्भ येथील सदस्य बसत, त्याच सभागृहात आता मराठवाड्याचे सदस्य बसू लागले. भाई उद्धवराव पाटील यांनी हैदराबादप्रमाणेच मुंबईच्या विधानसभेतही काम केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १९६२ ची निवडणूक महाराष्ट्र विधानसभेसाठी, २६४ जागांकरिता झाली. अशा रीतीने अवघ्या दहा वर्षांत एकाच प्रदेशातील मतदारांनी तीन विधानसभांसाठी मतदान केले. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६७ मध्ये २७० व १९७८ मध्ये २८८ झाल्या. ही संख्या त्यानंतर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत कायम राहिली.

पेटीपासून यंत्रापर्यंत

या काळात मतदानाची पद्धतीही पालटत गेली. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे निवडणूक चिन्ह असे. मतदाराने मतपत्रिकेवर खूण करावयाची नसून ती पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. अक्षरओळख नसलेल्या बहुसंख्य मतदारांसाठी ही सोय होती. पुढे सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापून शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. २००४ च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र सर्वत्र आले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय प्रथमच उपलब्ध झाला आणि २०१९ मध्ये मत कोणास नोंदले गेले हे चिठ्ठीवर दाखविणारे व्हीव्हीपॅट यंत्र सर्व मतदान केंद्रांवर बसले. मतदाराचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये २१ वरून १८ वर्षांवर आले. त्यामुळे १९९० च्या विधानसभा निवडणुकीत तरुणांचा एक मोठा वर्ग प्रथमच मतदार म्हणून उभा राहिला.

प्रदीर्घ प्रतिनिधित्वाचा काळ

१९७८ ते २००४ या काळातील सात निवडणुकांत उस्मानाबाद मतदारसंघातून डॉ. पद्मसिंह पाटील सलग निवडून आले. या अवधीत राज्यातील काँग्रेस पक्षात फूट व एकीकरण असे दोन्ही घडले आणि १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाली. पक्षाचे नाव बदलत गेले, तरी प्रतिनिधी तोच राहिला. याच काळात, ऑगस्ट १९८२ मध्ये, जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला. उरलेल्या जिल्ह्यात उस्मानाबाद, कळंब, तुळजापूर, परंडा व उमरगा असे पाच विधानसभा मतदारसंघ होते. त्यांपैकी कळंब हा अनुसूचित जातींसाठी राखीव होता. कळंबचे विधानसभेत प्रतिनिधित्व केलेल्या कल्पना नरहिरे २००४ मध्ये उस्मानाबादमधून लोकसभेवर निवडून गेल्या. त्याच वर्षीची विधानसभा निवडणूक कळंब मतदारसंघासाठी अखेरची ठरली.

पाचाचे चार कसे झाले?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २००१ च्या जनगणनेपर्यंत थांबविली होती. लोकसंख्या नियंत्रणात आघाडीवर असलेल्या राज्यांना त्याबद्दल जागा गमवाव्या लागू नयेत, हा त्यामागील हेतू होता. ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांच्या संख्येवरील हे बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविले. तथापि राज्याच्या आतील सीमांची फेररचना करण्यास मुभा देण्यात आली आणि २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने त्यासाठी २००१ ची लोकसंख्या आधारभूत ठरविली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने हे काम केले. त्याची नवी रचना २००८ मध्ये लागू झाली व महाराष्ट्र विधानसभेसाठी २००९ मध्ये प्रथम वापरात आली.

या फेररचनेचा हिशेब साध्या अंकगणिताने समजून घेता येतो. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार ६२७ होती. तिला २८८ ने भागले असता एका जागेमागे सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार लोकसंख्या येते. उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार ५८६ होती. तिला या सरासरीने भागले असता ४.४२ हा आकडा मिळतो. पाच जागांइतकी लोकसंख्या जिल्ह्यात नव्हती. म्हणून पाचाचे चार झाले. उलट, झपाट्याने वाढलेल्या तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. एकूण संख्या २८८ वर स्थिर असल्याने एका जिल्ह्याची वाढ दुसऱ्या जिल्ह्याच्या घटीतूनच होऊ शकत होती.

कळंब मतदारसंघ रद्द होऊन कळंब तालुका उस्मानाबाद मतदारसंघास जोडला गेला. उस्मानाबाद तालुक्याचा शहरासह काही भाग त्यात राहिला व उरलेला भाग तुळजापूर मतदारसंघात गेला. अनुसूचित जातींसाठीचे आरक्षण कळंबकडून उमरग्याकडे आले. राज्यात अशा राखीव जागा १८ वरून २९ व अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५ झाल्या. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. राखीव मतदारसंघात उमेदवारी मर्यादित असते, मतदान नव्हे. मत देण्याचा अधिकार तेथील सर्व मतदारांना सारखाच असतो.

या बदलाचा परिणाम निकालांच्या अभ्यासावरही होतो. २००४ चा व २००९ चा उस्मानाबाद मतदारसंघ नावाने एक असला तरी क्षेत्राने एक नाही. त्यामुळे दोन्ही निवडणुकांतील मते शेजारी शेजारी मांडून जनमत इकडून तिकडे झुकले असा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. नव्या रचनेत २००९ मध्ये शिवसेनेचे ओमप्रकाश राजेनिंबाळकर, २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे राणाजगजितसिंह पाटील व २०१९ मध्ये शिवसेनेचे कैलास पाटील निवडून आले. २०२४ मध्ये कैलास पाटील पुन्हा विजयी झाले. मात्र पक्षातील फुटीनंतर ते शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे उमेदवार होते आणि त्यांचे चिन्ह धनुष्यबाणाऐवजी मशाल हे होते.

जिल्हा धाराशिव, मतदारसंघ उस्मानाबाद

२०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. तरीही २०२४ च्या लोकसभा व विधानसभा या दोन्ही निवडणुकांत मतदारसंघाचे नाव उस्मानाबाद असेच होते. मतदारसंघाचे नाव परिसीमन आदेशाने निश्चित होते. जिल्ह्याच्या नामांतराबरोबर ते आपोआप बदलत नाही, हे त्याचे कारण होय. मतदारसंघ व जिल्हा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लोकसभा मतदारसंघावरून अधिक स्पष्ट होते. २००८ च्या रचनेनुसार उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात या जिल्ह्याच्या चार विधानसभा मतदारसंघांबरोबर लातूर जिल्ह्यातील औसा व सोलापूर जिल्ह्यातील बार्शी यांचाही समावेश झाला.

पुढील गणनेचे महत्त्व

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ झाली. दहा वर्षांतील ही वाढ सुमारे साडेअकरा टक्के होती. राज्याची वाढ मात्र सुमारे सोळा टक्के होती. पूर्वीचाच हिशेब २०११ च्या आकड्यांना लावला तर ४.४२ चे ४.२५ होतात. जिल्ह्याची लोकसंख्या वाढली, परंतु राज्यातील तिचा वाटा घटला. अवर्षणप्रवण भागातून पुण्या-मुंबईकडे व औद्योगिक शहरांकडे होणारे स्थलांतर यास मोठ्या प्रमाणावर कारणीभूत आहे.

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविणारी अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. प्रत्यक्ष लोकगणनेसाठी त्याआधीचा फेब्रुवारी महिना निश्चित झाला. हा महिना ऊसतोडीच्या हंगामातील होय. कळंब, भूम, वाशी, परंडा या तालुक्यांतून अनेक कुटुंबे या दिवसांत कारखान्यांच्या परिसरात, कधी शेजारच्या जिल्ह्यात तर कधी कर्नाटकात, कोपी घालून राहतात. गणनेच्या संपूर्ण अवधीत जे गावाबाहेर असतील त्यांची नोंद, जेथे ते आढळतील तेथे होण्याची पद्धत आहे. असे कुटुंब ना गावात ना फडावर, अशा अवस्थेत गणनेतून निसटू नये, ही दक्षता अत्यावश्यक ठरते. मतदार यादीत नाव असणे आणि जनगणनेत मोजले जाणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मतदान यादीवर चालते, पण जागांचे वाटप एकूण लोकसंख्येवर होते आणि तीत मत नसलेले लहान मूलही एक गणले जाते.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी विधानसभेच्या एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली व तीही पुढील जनगणना आणि त्यानंतरच्या परिसीमनाशी जोडली. म्हणजे राखीव जागा कोठे असाव्यात, सीमा कोठून जाव्यात व जिल्ह्याला किती प्रतिनिधी मिळावेत, या साऱ्यांचा पाया एकच आकडा होय.

ग्रामपंचायतींनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवणे हिताचे आहे. परिसीमन आयोगाचा आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात आणि जाहीर सुनावण्या होतात. अंतिम आदेश निघाल्यानंतर सीमांमध्ये किंवा जागांच्या वाटपात न्यायालयात फेरबदल मागण्यास घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने मोठी मर्यादा घातली आहे. गाव कोणत्या मतदारसंघात असावे, बाजारपेठ व दळणवळण कोणत्या बाजूचे आहे, याबद्दल जे सांगावयाचे ते आराखड्याच्या वेळीच ठरावाद्वारे लेखी सांगावे लागते.

जनगणनेचे प्रगणक आणि मतदार यादीचे केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून गावोगावी काम करतात ते प्रामुख्याने प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका. त्यांना गावातील कोणते घर हंगामात बंद असते, कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर गेले आहे, याची माहिती असते. गणनेपूर्वी ग्रामपंचायतीने अशा कुटुंबांची यादी तयार करून ती चार्ज अधिकारी असलेल्या तहसीलदारांकडे दिली, तर त्यांची नोंद होण्याची शक्यता पुष्कळच वाढते. २००८ मध्ये जिल्ह्याची पाचवी जागा गेली, तिचा हिशेब २००१ मध्ये दारोदारी भरलेल्या तक्त्यांतच झालेला होता.