आधी लाकूड, मग वायर

ठाण्याहून निघून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर लागतं आणि काल्हेरबरोबर गोदामं. शेडला लागून शेड, शेडसमोर कंटेनर, कंटेनरमागे टेम्पो. मुंबई-ठाण्यात घरपोच येणाऱ्या मालापैकी कितीतरी माल भिवंडीच्या याच पट्ट्यातून सुटतो. म्हणजे कुणी मोबाइलवर मागवलेली गिटार दारात पोचण्याआधी इथल्या पत्र्याखाली मुक्काम करून आलेली असू शकते. आता गोदामांच्या पाठीमागे उंच इमारतीही उभ्या राहिल्यात, आणि गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर गिटार घेऊन बसणारी पोरंही आहेत. त्यांच्यासाठी हा खाऊ: नायलॉनच्या तारांची, पण वायर जोडून स्पीकरवर वाजणारी क्लासिकल गिटार. तिच्या गमतीजमती आणि ती पारखायची कशी, दोन्ही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दुकानात शिरल्यावर बहुतेकांची नजर गिटारच्या कुशीतल्या बटणांवर जाते. ट्यूनर आहे का, बेस-ट्रेबल आहे का. ती बटणं नंतर. पहिला अर्धा तास वायरला हातच लावू नका. आवाज पकडणारा पिकअप उद्या बदलता येतो, लाकूड बदलता येत नाही.

गॅसच्या लायटरचा भाऊबंद

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याची गुंडाळी असते. पोलादी तार वर थरथरली की गुंडाळीत वीज उठते. क्लासिकल गिटारपुढे हा चुंबक हात टेकतो. तिच्या बारीक तीन तारा नुसत्या नायलॉनच्या, जाड तीन तारा नायलॉनच्या तंतूंवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून केलेल्या. लोखंडाचा कणही नाही.

मग आवाज पकडतो कोण? पिएझो. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरचा खटका दाबला की आतल्या पिएझोवर छोटी हातोडी आपटते आणि त्या दाबातून वीज तयार होऊन ठिणगी पडते. गिटारमध्ये हाच पदार्थ पातळ पट्टीच्या रूपात ब्रिजवरच्या सॅडलखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या कांबीखाली, दडवलेला असतो. तारांची थरथर सॅडलला दाबते, पट्टी विजेचा इवलासा झटका देते, प्रीअँप तो मोठा करतो. दाबातून वीज देणारा हा गुण जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. हे पिएर म्हणजे मारी क्युरींचे पती.

काल्हेर-कशेळीकडच्या आगरी हळदीत जो बेंजो रात्रभर घुमतो, त्याच्या तारा मात्र पोलादी, त्यामुळे त्याचं चुंबकाशी जमतं. हा बेंजो म्हणजे वीज भरलेला बुलबुल तरंग, आणि बुलबुल तरंगाचा पूर्वज म्हणजे जपानचा ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी घडवलेला, टाइपरायटरसारख्या कळांचा. नागोयात जन्मलेलं वाद्य भिवंडीच्या मांडवात नवरदेवाला नाचवतं, हे मला फार आवडतं.

पोलादी तारा? मुळीच नाही

नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो. पोलादी तारांचा ७० किलोच्या वर. 'आवाज खणखणीत येईल' म्हणून कुणी क्लासिकलवर पोलादी तारा चढवल्या, तर ब्रिज मुळापासून उखडू शकतो.

नायलॉनही तसा अलीकडचाच. त्याआधी गिटारला जनावरांच्या आतड्याची तात लागे. दुसऱ्या महायुद्धात ती तात जखमा शिवायला जाऊ लागली आणि वादकांची पंचाईत झाली. न्यूयॉर्कचे कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन आणि स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोविया यांनी मिळून चाळीसच्या दशकात नायलॉनची तार मैफिलीत आणली. नवी नायलॉनची तार पहिले काही दिवस सतत ताणत राहते आणि उतरत राहते. तेव्हा नव्या तारा घातलेली गिटार दुकानात सारखी बेसूर होत असेल तर त्याचा दोष खुंट्यांवर ढकलू नका.

पुठ्ठ्याची गिटार

स्पेनच्या आल्मेरियाचे आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हे आजच्या क्लासिकल गिटारचे जनक. मानेच्या टोकाच्या नटपासून सॅडलपर्यंत ६५० मिलिमीटर लांबीची तार ही त्यांचीच देणगी. आजही बहुतेक मोठ्या गिटार त्याच मापाच्या. १८६२ मध्ये त्यांनी एक अजब गिटार केली. पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, फक्त वरची फळी चांगल्या लाकडाची. आवाजाचा जीव वरच्या फळीत असतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आपल्या खरेदीसाठी याहून मोठा धडा नाही. पैसा घालायचाच तर वरच्या फळीवर घाला. ती भरीव लाकडाची आहे की प्लायची, हे कळायला दुकानदाराला विचारायचीही गरज नाही. मधल्या गोल भोकाच्या कडेवर मोबाइलची बत्ती मारा. वरच्या लाकडाच्या उभ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर फळी भरीव. कडेला आडवे थर दिसले तर प्लाय. कड काळ्या रंगाने लिंपून टाकली असेल तर मी तरी संशय घेतो.

फळी बहुधा स्प्रूसची किंवा सीडरची असते. स्प्रूस गोरटी, सीडर तांबूस. क्लासिकल गिटारमध्ये सीडर रुजवली ती माद्रिदच्या होसे रामिरेस तिसरे यांनी, साठच्या दशकात. स्प्रूसचा आवाज स्वच्छ आणि टोकदार, सीडरचा गरम आणि पहिल्या दिवसापासून मोकळा. शिकणाऱ्याला सीडर लवकर खूश करते.

सह्याद्रीची शिसव

जगभरच्या गिटारांच्या पाठीला आणि बाजूंना जे 'इंडियन रोजवूड' लावतात ते आपली शिसव, आजीच्या माहेरच्या जड कपाटाची. आधी मान ब्राझीलच्या रोजवूडला होता. साठच्या दशकात तिथून ओंडके मिळेनासे झाले आणि अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव पकडली. १९९२ मध्ये तर दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स करारानुसार ब्राझीलच्या रोजवूडचा व्यापारच जवळपास बंद झाला. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या गोतावळ्यावर परवान्याची अट आली; तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. स्वस्त गिटारवर 'रोजवूड' लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा प्लायवर शिसवीचा पापुद्रा असतो. त्यात वाईट काही नाही. उलट स्टेजवर आणि दमट हवेत भरीव फळी आणि प्लायची पाठ ही जोडी छान टिकते. पहिल्या गिटारसाठी मी डोळे मिटून हीच जोडी सांगेन.

खिशात दहाची दोन नाणी

दुकानात जाताना दहा रुपयांची दोन नाणी जवळ ठेवा. दोन्ही एकावर एक धरली की साधारण साडेतीन मिलिमीटर होतात. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मान जिथे गिटारच्या अंगाला मिळते तिथे, ही जोडी तारेखाली सरकवून बघा. सर्वांत जाड तारेखाली ती सहज जावी, सर्वांत बारीक तारेखाली अडावी. क्लासिकलमध्ये तिथे बारीक तारेला सुमारे ३ आणि जाड तारेला सुमारे ४ मिलिमीटर अंतर ठीक मानतात. त्याहून फार जास्त असेल तर बोटं दुखतील, फार कमी असेल तर तारा खरखरतील.

बारावा फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य. तिथे तारेवर बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा स्वर निघेल. मग त्याच जागी तार दाबून छेडा. दोन्ही स्वर ट्यूनरवर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर गिटार वरच्या फ्रेटवर कायम बेसूर लागणार, आणि क्लासिकलमध्ये हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

आता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. हो, प्रत्येक. कंटाळा येईल, दुकानदार घड्याळ बघेल, तरी वाजवा. खरखर कुठे येते ते कान देऊन ऐका. आपल्या कानांना इथे एक अडचण आहे, ते झंकाराला सरावलेले आहेत. मिरजेचा तानपुरा तर जवारीवरच जगतो; घोडीला हलका बाक देऊन आणि तारेखाली दोरा सरकवून तिथे तो झंकार मुद्दाम काढतात. गिटारमध्ये तसा झंकार आला की काहीतरी सैल आहे किंवा एखादा फ्रेट उंच बसलाय असं समजा.

मानेची रुंदी हातात धरूनच ठरते. क्लासिकलचा नट ५२ मिलिमीटरचा, पोलादी तारांच्या गिटारचा ४३ च्या आसपास. यांच्यामधली ४८ ची 'हायब्रिड' मानही मिळते, पोलादी गिटारवरून येणाऱ्यांना ती सोयीची. पण मूल क्लासिकलच्या परीक्षा देणार असेल तर ५२ च घ्या. बोटांना मोकळी जागा लागते.

हे सगळं करायला मनासारखं दुकान जवळ नसेल तर ठाण्याहून सीएसएमटी गाठा आणि धोबीतलावला जा. फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान तिथे १८६५ पासूनचा वारसा सांगतं. एकाच ठिकाणी अनेक गिटार लागोपाठ वाजवून बघायला मिळणं, यासारखं कानाचं शिक्षण नाही.

आता वायर

अँपवरचा रिव्हर्ब शून्यावर आणा. घुमवलेल्या आवाजात सगळ्याच गिटार गोड लागतात. गिटारवरची सगळी बटणं मध्यावर ठेवा आणि सहाही तारा एकाच जोराने, एकेक करून छेडा. एखादी तार दबकी आली तर सॅडल पिएझोवर सपाट बसलेलं नाही. हा स्वस्त गिटारांचा नेहमीचा रोग. चांगला कारागीर सॅडल घासून तो दुरुस्त करतो. जोरात वाजवल्यावर बारीक तारांचा आवाज पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा येतो का तेही ऐका. थोडा तसा येणारच, पिएझोचा तो स्वभाव आहे. ट्रेबल उतरवूनही तो गेला नाही, तर दुसरी गिटार मागा.

मग स्पीकरकडे तोंड करून आवाज वाढवा. हूंऽऽ करत घुमणारी शिट्टी किती लवकर येते? स्पीकरचा आवाज वरच्या फळीला हलवतो, पिएझो तीच थरथर पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि चक्र सुरू होतं. पातळ अंगाच्या गिटारमध्ये हा त्रास कमी असतो. अमेरिकी गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्या नावाने गिब्सन कंपनीने १९८२ मध्ये नायलॉन तारांची जवळपास भरीव अंगाची गिटार काढली, ती याच दुखण्यावरचा उपाय होती. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी साठच्या दशकात ओव्हेशन गिटार काढली, तिची गोल पाठ तर लाकडाचीसुद्धा नव्हती. घरात आणि वर्गात वाजवायची असेल तर मात्र पूर्ण अंगाचीच घ्या. मंडळाच्या स्टेजसाठी भोकावर बसणारं रबरी झाकण मिळतं, ते पुरतं.

पिकअप नंतरही बसवता येतो याची सर्वांत देखणी साक्ष म्हणजे विली नेल्सन यांची 'ट्रिगर'. या अमेरिकी गायकाची बाल्डविन गिटार मोडली, तेव्हा १९६९ मध्ये त्यांनी मार्टिनची एन-२० ही नायलॉन तारांची गिटार न बघता घेतली आणि जुन्या गिटारचा पिकअप तिच्यात बसवून घेतला. क्लासिकलला पिकच्या ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी नसते. दशकानुदशकं घासून तिच्या फळीला दुसरं भोक पडलं, तरी त्यांनी तिला सोडलं नाही.

खाडीकाठचा पावसाळा

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. खाडीला लागून राहणाऱ्यांनी जुलैमधली हवा आठवावी. भरीव फळी ओलावा पिऊन फुगते, ब्रिजला वर उचलते आणि तारा उंच होतात. मेमध्ये बेताने जाणारी नाण्यांची जोडी ऑगस्टमध्ये ढिली सरकते. एसीच्या खोलीत उलटं होतं, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोचू लागतात. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कडक पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला.

ऑनलाइन मागवली असेल तर खोकं आल्या आल्या फोडू नका, काही तास घरात तसंच राहू द्या, लाकूड हवेला सरावेल. मग मोबाइलची बत्ती आणि छोटा आरसा घेऊन पोटात बघा. आतल्या लाकडी काड्या कुठे सुटल्यात का? ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरतोय का? उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली राहिलेल्या गिटारचा सरस पहिल्यांदा इथेच दगा देतो. कागद शिरला तर परत पाठवा, सवलतीच्या भरीस पडू नका.

बहुतेक प्रीअँपना ९ व्होल्टची बॅटरी लागते, आणि सहसा वायर खोचली की तो आपोआप सुरू होतो. वाजवून झाल्यावर वायर गिटारमध्येच राहिली तर बॅटरी विनाकारण उतरत राहते. गणपतीनंतर दिवाळीपर्यंत गिटार पेटीतच राहणार असेल तर बॅटरीही काढून ठेवा.