चुकीच्या छिद्राची किंमत

4 नोव्हेंबर 2010 रोजी सकाळी क्वांटास कंपनीचे ए-380 जातीचे विमान सिंगापूरहून सिडनीकडे निघाले. विमानात कर्मचाऱ्यांसह 469 माणसे होती. जेमतेम चार मिनिटे झाली असतील. इंडोनेशियाच्या बाटम बेटावर, सात हजार फूट उंचीवर, डाव्या पंखावरचे दोन नंबरचे इंजिन फुटले. इंजिनातील जड चकती तुटली आणि तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. इंधनाची टाकी फाटली, विजेच्या तारा तुटल्या.

कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी लगेच उतरण्याची घाई केली नाही. विमान आकाशात घिरट्या घालत ठेवले. काय बिघडले आणि काय शाबूत आहे, याचा हिशेब पाचही वैमानिक एकेक करून मांडत होते. त्यात पन्नास मिनिटे गेली. इंधन सोडून देणे शक्य नव्हते, त्यामुळे वजन मर्यादेपेक्षा जास्त होते. सुमारे पावणेदोन तासांनी विमान सिंगापूरलाच उतरले. चार हजार मीटरच्या धावपट्टीचे शेवटचे सुमारे दीडशे मीटर उरले असताना ते थांबले. विमानातील एकालाही इजा झाली नाही.

आता कारागीर बंधूंनी नीट लक्ष द्यावे, अशी गोष्ट पुढे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने चौकशी करून 2013 साली अहवाल दिला. दोष सापडला तेल नेणाऱ्या एका लहानशा नळीत. तिचे तोंड आतून थोडे रुंद करायचे होते. नळी बसवल्यावर माप घेण्याची मूळ जागा आत झाकली जात होती, म्हणून माप दुसऱ्या जागेवरून घेतले गेले. छिद्र मध्यापासून सरकले. नळीची भिंत एका बाजूला जाड राहिली, तर दुसऱ्या बाजूला ठरल्याच्या निम्म्याहूनही पातळ झाली. दोन वर्षांच्या वापरात त्या पातळ बाजूला बारीक चीर पडली, तेल गळले, आग लागली आणि चकती फुटली.

चूक कोणत्याही वर्कशॉपमध्ये होते. पण अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. इंग्लंडमधील रोल्स-रॉईसच्या त्या कारखान्यात किरकोळ वाटणारे दोष कागदावर न नोंदवता माल पुढे पाठवण्याची सवय पडली होती. अशा सदोष नळ्या इतर इंजिनांतही निघाल्या.

नुकसान किती झाले? क्वांटासने आपली सहाही ए-380 विमाने काही आठवडे उभी करून ठेवली. 2011 साली रोल्स-रॉईसने क्वांटासला साडेनऊ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. ते विमान दुरुस्त होऊन परत उडायला 2012 चा एप्रिल उजाडला.

आपल्यापैकी कोणी लेथवर बुश काढतो, कोणी पंपाचे भाग बनवतो, कोणी नळाचे फिटिंग पुरवतो. माप थोडे चुकले की "एवढे चालते" म्हणून माल गाडीत चढतो. दोष कळला असेल तर तो लिहून ठेवा आणि गिऱ्हाईकाला सांगा. गिऱ्हाईक नग परत करील, फार तर दोन शब्द ऐकवील. लपवलेला दोष मात्र कोणाच्या यंत्रात आणि कोणत्या वेळी उघडा पडेल, हे आपल्या हातात राहत नाही. माप घेण्याची जागा बदलावी लागली, तर तयार नग दुसऱ्या बाजूनेही मोजून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.