धोतर सुटत नाही, माप चुकतं

"धोतराला कुठे माप असतं?" लग्नसराई तोंडावर आली की आमच्या चामोर्शीच्या कापडदुकानांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुकानदार म्हणतो, नवरदेवाचा मामा म्हणतो, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेआधी पूजेसाठी धोतर घ्यायला आलेले काकाही म्हणतात. शिवलेलं नाही, मग माप कसलं? लांब कापड आहे, गुंडाळायचं. मग मांडवात कासोटा ढिला पडतो, सोगा पायात येतो, नवरदेव एका हाताने कंबर धरून फिरतो आणि घरचे निकाल देऊन टाकतात की धोतर आता जमण्यासारखं राहिलं नाही. पुढच्या लग्नात त्या जागी शेरवानी येते.

या निकालात धोतरावर अन्याय होतो. नेसवणारा म्हातारा माणूस आयुष्यभर धोतर नेसत आलेला असतो, त्याचा हात चुकत नाही. त्याच्या हातात दिलेलं कापडच त्या मुलाच्या मापाचं नसतं.

न शिवलेल्या वस्त्राला दोन मापं असतात, लांबी आणि पन्हा. लांबी पोटाच्या घेराशी बांधलेली, पन्हा उंचीशी. पँटीत कापड कमीजास्त झालं तर शिंपी सावरून घेतो. धोतरात ते सावरायला कोणी नसतं, म्हणून इथे माप जास्त काटेकोर हवं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. धोतराचा मध्य पाठीशी येतो, दोन्ही टोकं पुढे येऊन बेंबीपाशी गाठ बसते आणि मग दोन्ही बाजूंना उरलेल्या कापडाच्या निऱ्या होतात. एका बाजूच्या निऱ्या पुढे खोचल्या जातात, दुसरी बाजू पायांमधून मागे जाऊन कासोटा होते. म्हणजे एकूण लांबीतून पोटाचा घेर वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा. बाजारात सर्रास मिळणारं 4 मीटरचं धोतर घ्या. बेंबीवर 80 सेंटिमीटर घेर असलेल्या सडपातळ मुलाला त्यात प्रत्येक बाजूला 160 सेंटिमीटर कापड मिळतं. 110 सेंटिमीटर घेराच्या माणसाला 145. शिवाय पोट मोठं असलेल्या माणसाचं पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं अंतरही जास्त असतं, म्हणजे ज्याला जास्त कापड लागतं त्याच्याच वाट्याला कमी येतं. त्याचा कासोटा खाली बसताना ओढला जातो आणि सुटतो. यात नेसवणाऱ्याची चूक कुठे आहे?

आता त्यात धुण्याचा हिशेब मिळवा. आधी न आटवलेलं कोरं सुती कापड पहिल्या धुण्यांत शंभराला तीन ते पाच इतकं सहज आटतं. शंभराला चार धरले तर 4 मीटरचं धोतर 3.84 मीटर होतं आणि जाड माणसाच्या वाट्याला प्रत्येक बाजूला जेमतेम 137 सेंटिमीटर उरतं. त्याने साडेचार मीटरचं घेतलं असतं तर धुतल्यावर 4.32 मीटर राहिलं असतं आणि प्रत्येक बाजूला 161 सेंटिमीटर मिळालं असतं, सडपातळ मुलाला कोऱ्या धोतरात मिळतं तेवढंच. अर्ध्या मीटरचा फरक आहे. त्या अर्ध्या मीटरपायी आपण एक अख्खं वस्त्र मोडीत काढायला निघालो आहोत, याचा मला मनापासून राग येतो.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. ते दुकानात जाऊन नुसतं धोतर मागत नसत, आठ हाती की दहा हाती ते सांगत. हात म्हणजे 18 इंच. आठ हाती म्हणजे 3.66 मीटर, दहा हाती म्हणजे 4.57 मीटर. अंगापिंडाने भरलेला माणूस दहा हातीच घेई. 1956 च्या कायद्यानंतर देशात मीटर आला, हात आणि वार मागे पडले. मापाचं एकक बदललं ते ठीकच झालं, पण माप विचारायची सवयही त्याच्याबरोबर गेली.

पन्ह्याकडे तर कोणी पाहतच नाही. धोतर कमरेपासून खाली किती येणार हे पन्हा ठरवतो. बेंबीपासून घोट्यापर्यंत टेप लावा, खोचण्यासाठी आणि पोटावरच्या वळणासाठी 10 सेंटिमीटर मिळवा, आटण्यासाठी आणखी 5. साडेपाच फुटांच्या माणसाचं हे माप बहुधा 44 इंची पन्ह्यात बसतं. सहा फुटांच्या मुलाला 48 ते 50 इंच हवेत, नाहीतर पोटऱ्या उघड्या पडतात. उलटी चूक जास्त त्रासदायक. ठेंगण्या मुलाला 50 इंची पन्हा दिला की जास्तीचं कापड कमरेवर गुंडाळावं लागतं, तिथे जाड वळकटी होते आणि त्या वळकटीवर गाठ घट्ट बसत नाही. मग लोक म्हणतात, मोठं घेऊनही सुटलं. मोठं घेतलं म्हणूनच सुटलं.

इथे शेतातल्या धोतराची आठवण करून देतो, कारण धोतर घोट्यापर्यंतच आलं पाहिजे हाही एक पक्का समज आहे. आमचा भाग धानाचा. रोवणीत चिखलात उतरणारा माणूस धोतर गुडघ्यापर्यंत आवळून नेसतो आणि दिवसभर वाकून काम करतो. ते सुटत नाही, कारण त्या कामाला लागेल तेवढंच कापड त्याने घेतलेलं असतं. रोवणीचं, पूजेचं आणि लग्नाचं धोतर यांची मापं वेगळी असू शकतात. एकच धोतर तिन्हींना चालवायचं ठरवलं तर कुठेतरी ते नडणारच.

गुंडाळायच्या वस्त्राला माप नसतं असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांनी स्कॉटलंडच्या पुरुषांचा किल्ट पाहावा. भरपूर चुण्यांच्या एका किल्टला सुमारे 8 वार, म्हणजे 7.3 मीटर कापड लागतं, मागे शिवलेल्या चुण्या आणि पुढे एकावर एक येणारे दोन पदर. एवढं कापड असूनही तो शिवणारा कारागीर तीन मापं घेतल्याशिवाय कात्री लावत नाही: बेंबीच्या आसपासची कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद घेर आणि कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. पँटीचा नंबर सांगू नका, टेप लावा, असं तो गिऱ्हाइकाला बजावतो.

आपल्याकडे तीच चूक रेडिमेड सोवळ्यात आणि शिवलेल्या धोतरात होते. "माझी पँट चौतीसची, तेवढंच द्या." पँट हल्ली बेंबीच्या बरीच खाली बसते आणि कंपन्यांचे नंबर खऱ्या इंचांशी जुळतीलच असं नाही. धोतर बेंबीपाशी बांधलं जातं. पोट असलेल्या माणसात या दोन जागांच्या घेरांत बराच फरक निघतो. शिवलेलं धोतर घेताना कंबर बसली की काम झालं असं समजू नका. दुकानातच मांडी घालून बसून पाहा, उकिडवं बसून पाहा. पूजेला दोन तास तसंच बसायचं असतं आणि शिवण उसवते ती तिथेच.

बाकीचे समज थोडक्यात. दाक्षिणात्य वेष्टी आणि आपलं धोतर एकच नव्हे. सिरोंच्याकडून पलीकडे गेलं की मिळणारी पांढरी शुभ्र वेष्टी बहुतेकदा बिनकासोट्याची नेसायची असते, लांबी बहुधा कमी, पन्हा रुंद. तिचा कासोटा घालायला गेलात तर लांबी कमी पडेल आणि पन्हा जास्त होईल. पॉलिस्टरचं धोतर टिकाऊ असतं हे खरं, पण ते गुळगुळीत असल्याने गाठ धरत नाही. सुती कापड धुतल्यावर अंगाला धरून राहतं. खळ जास्त घातली म्हणजे धोतर चांगलं बसतं असं नाही, निऱ्या फुगतात आणि खोचा बाहेर येतो. पिना आणि पट्टा लावून कमी पडलेलं कापड वाढत नाही. आणि नऊवारी म्हणजे नऊ मीटर नव्हे. नऊ वार म्हणजे 8.23 मीटर. नऊवारीलाही घेर आणि उंची यांचा हाच हिशेब लागतो, म्हणून भरल्या अंगाच्या बाईला दुकानदाराने "सगळ्यांना हेच होतं" असं सांगितलं तर तिने ऐकू नये.

कोशाबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत. आमच्या जिल्ह्यात आरमोरीचा कोसा नावाजलेला. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचं हे रेशीम, आणि विदर्भातल्या करवती काठाच्या कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. हातमागावर पन्हा फणीच्या रुंदीने ठरतो, मागाहून ताणून वाढत नाही. म्हणून कोशाचं धोतर घेताना रंग आणि काठ पाहण्याआधी पन्हा मोजा. उंच माणसासाठी हवं असेल तर विणकराला आधी माप द्या. हातमागाचा हा मोठा फायदा आहे आणि तो कोणी घेत नाही.

दुकानात लाज वाटायचं कारण नाही. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार वेष्टनात विकल्या जाणाऱ्या धोतर, साडी, चादर अशा वस्तूंवर तयार मापं लिहिलेली असली पाहिजेत. ती वाचा. लिहिलेली नसतील तर घडी उलगडून लांबी आणि पन्हा दोन्ही मोजून मागा. तो तुमचा हक्क आहे. दुकानदारांनाही एक विनंती आहे. 4 मीटरच्या गठ्ठ्याशेजारी साडेचार आणि 5 मीटरची, 48 आणि 50 इंची पन्ह्याची थोडी धोतरं ठेवा, आणि गिऱ्हाईक आल्यावर आधी टेप काढा.

लग्न ठरलं असेल तर धोतर आठवडाभर आधी घ्या, एकदा पाण्यातून काढून वाळवा आणि नवरदेवाला घरातल्या जाणत्या माणसाकडून एकदा नेसवून बसवून, चालवून पाहा. कमी पडतं आहे असं दिसलं तर दुसरं, लांब धोतर आणायला तेव्हा वेळ असतो.