हिरड्यांतील रक्तस्राव : आधी शर्करा, मग मंजन

‘दात घासताना हिरड्यांतून रक्त येते’ ही तक्रार आपल्या चिकित्सालयात नित्याची आहे. त्रिफळा क्वाथाचा गंडूष व एखादे दंतमंजन दिले की बहुधा रक्त थांबते, आणि रुग्णही समाधान पावतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मधुमेही गृहस्थांना असेच सात-आठ महिने मंजनावर ठेवले. रक्तस्राव कमी झाला; परंतु पुढे खालचे दोन दात हलू लागले. दंतवैद्यांनी तपासले तेव्हा हिरडीखाली दगडासारखा कठीण थर साठलेला आढळला. ते दात वाचू शकले नाहीत. औषध योग्य होते, क्रम चुकला होता. तो कसा चुकला, हे अलीकडील संशोधनावरून स्पष्ट होते.

या विषयावर पीएच.डी. करणारा संशोधक दात व हिरडी यांमधील फटीतून कागदी शलाकेने नमुना घेतो, त्यातील डीएनए वेगळा करतो आणि ‘१६ एस’ या जनुकाच्या वाचनावरून कोणते जीवाणू कोणत्या प्रमाणात आहेत हे ठरवितो. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जीवाणूंचीही ओळख अशा रीतीने पटते. मानवी मुखात सुमारे ७०० जातींचे जीवाणू आढळले असून त्यांतील बहुतेक निरोगी मुखाचेच रहिवासी आहेत.

डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हराल्ड लो यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच बऱ्या झाल्या. १९९८ साली सॉक्रान्स्की व सहकाऱ्यांनी गंभीर विकारात एकत्र आढळणारे तीन जीवाणू निश्चित केले. त्यांपैकी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा अल्प संख्येत असूनही उंदरांच्या मुखातील संपूर्ण जीवाणूसमूहाचा तोल बिघडवितो व अस्थिक्षय घडवितो, असे २०११ साली दिसून आले. विशेष असे की, जंतुविरहित उंदरांत तो एकटा हा अस्थिक्षय घडवू शकला नाही. अर्थात, रोग बिघडलेल्या समूहाचा आणि त्याला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा आहे. मधुमेहात हा प्रतिसाद अधिक विकृत होतो, तर हिरड्यांचा शोथ रक्तशर्करेचे नियंत्रण अवघड करतो.

सुश्रुतांना जीवाणू ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. तथापि शीताद, दंतवेष्ट, उपकुश यांची त्यांनी केलेली वर्णने आजही रुग्णांत पडताळता येतात. दंतशर्करेच्या चिकित्सेत तर त्यांनी दंतमूलास इजा न करता शर्करा काढावी व नंतर लाक्षाचूर्ण मधासह प्रतिसारणास वापरावे, असा स्पष्ट क्रम दिला आहे. कठीण थर जागेवर असता त्यावर जीवाणूंचे नवे लेप बसतच राहतात. कषाय द्रव्याने वरची हिरडी आवळते आणि आतील क्षय झाकला जातो.

मिश्रीचेही असेच आहे. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ साली केंद्र शासनाने बंदी घातली. मात्र घरी भाजलेली मिश्री अद्याप अनेक मुखांत आहे. ‘माझ्या हिरड्या घट्ट आहेत’ असे मिश्री लावणारी रुग्णा म्हणाली, तर अधिक बारकाईने पाहावे.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी की, रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णात दंतशर्करा, दातांची हालचाल, तंबाखूसेवन व रक्तशर्करा या चार गोष्टी प्रथम पाहाव्यात. थर आढळल्यास रुग्णास दंतवैद्यांकडे पाठवून तो काढून घ्यावा. त्यानंतर गंडूष व प्रतिसारण योजावे. औषधालयाच्या मालकांनीही, रक्त येते म्हणून तेच मंजन पुन्हा मागणाऱ्या ग्राहकास ‘दात तपासून घेतले का?’ एवढे अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नाने एखाद्याचे दात वाचू शकतील.