पाण्याच्या ताळेबंदांत गांवाचा वांटा

महाराष्ट्रांत २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत गांवोगांवचा पाण्याचा ताळेबंद संगणकावर मांडण्यांत आला. ही रीत मुंबईच्या आय. आय. टी.च्या साह्यानें बसविली गेली. पाऊस, जमीन व पिकें यांवरून किती पाणी वाहून जातें, किती मुरतें व पिकांस किती लागतें, हें संगणक सांगतो. परंतु नकाशावरील काळ्या रानांत हातभर खालीं मुरूम लागतो, अमुक विहीर माघांतच आटते, हें बांधावरील शेतकरीच जाणतो. त्याच्या सांगण्यावांचून हिशेब खरा उतरत नाहीं. आणि ज्या हिशेबांत आपला हात नाहीं, त्यावर विसंबून ऊंस कोण सोडील? यास्तव विहिरींच्या पातळ्या शेतकऱ्यांनीं स्वतः मोजाव्या, ताळेबंद ग्रामसभेंत वाचावा, व रब्बीचा पेरा त्यावरूनच ठरवावा.